सकाळी अकरालाच हरलेल्यांसाठी

गेमिंग टूर्नामेंट म्हटलं की सगळी पोरं फायनल, ट्रॉफी आणि प्राइझ मनीवरच बोलतात. पण जरा हिशोब मांडून बघा. टेकनला (दोघांच्या मारामारीची व्हिडिओ गेम) ६४ खेळाडू आहेत, डबल एलिमिनेशन आहे, म्हणजे दोनदा हरला की बाहेर. पहिल्या राउंडला ३२ जण हरून खालच्या ब्रॅकेटला, म्हणजे एकदा हरलेल्यांच्या गटात येतात, तिथं लगेच १६ जण घरी, आणि पुढच्या राउंडला अजून १६. म्हणजे दोन नाहीतर तीन मॅच खेळून निम्मे लोक बाहेर. एक मॅच सात-आठ मिनिटांची. जतवरून पहाटेच्या एसटीने आलेलं पोरगं एकूण पंधरा-पंचवीस मिनिटं खेळतं आणि अकरा-साडेअकराला त्याचा दिवस संपतो. परतीची एसटी संध्याकाळी. मधल्या वेळात त्याने काय करायचं?

हा प्रश्न माझ्या डोक्यात कसा आला ते सांगतो. मी सांगलीत लग्नाचं मॅनेजमेंट करतो. मंडप, केटरर, डेकोरेशन, नवरदेवाच्या मित्रांना आवरणं, सगळं. गेमिंगशी संबंध म्हणाल तर शाळेत असताना टेकन थ्रीवर रुपये उडवलेत तेवढाच. माझा भाचा आणि त्याच्या दोस्तांनी २०२४ ला एका मंगल कार्यालयात टूर्नामेंट घेतली, बीजीएमआय (मोबाइलवरची, चौघांच्या टीमने खेळायची बंदुकांची गेम) आणि टेकन ८, मी आपला बघायला गेलो होतो. पोरांनी मेहनत भरपूर घेतलेली, खोटं कशाला बोलू, पण दुपारी बाराला जिन्यावर बसलेली पोरं बघितली आणि म्हटलं अरे ही तर पंगत उठल्यावर गाडीची वाट बघत बसलेली वऱ्हाडी मंडळी दिसताहेत. कुणाला विचारावं तर "माझी मॅच कधी आहे माहीत नाही" नाहीतर "मी हरलोय, मित्र खेळतोय, थांबलोय". पुढच्या वर्षी भाचा आला, म्हणाला मामा या वर्षी तुम्ही बघा, गेमचं आम्ही बघतो, माणसांचं तुम्ही बघा. मला ही वाटणी बरोबर वाटली.

तारीख आधी. सांगलीत जुलै-ऑगस्टमध्ये असं काही ठरवायचं नाही, त्या दिवसांत अख्खं गाव आयर्विन पुलाची पाणीपातळी बघत बसतं, ४० फुटाला इशारा आणि ४५ ला धोका, २०१९ बघितलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न लागलं की हॉल मिळत नाहीत. मग उरला पितृपक्ष. पितृपक्षात कार्यालयं रिकामी, मालक भाडं कमी करायला तयार, आणि पोरांना पितृपक्षाशी काही देणंघेणं नाही. भाच्याच्या आजीला तेवढं पटलं नाही, "पंधरवड्यात कसलं आलंय उद्घाटन" म्हणून. उद्घाटन ठेवलंच नाही. वेळ वाचला उलट.

पोलिस परवानगीला गेलो तर पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे, पैशावर खेळतात का? प्रश्न चुकीचा नव्हता कारण ऑगस्ट २०२५ मध्येच संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला होता, पैसे लावून खेळायच्या गेम बंद झाल्या होत्या, सगळीकडे तीच चर्चा. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला वेगळं धरलंय, प्रवेश फी आणि कामगिरीवर बक्षीस चालतं, ते प्रिंट काढून नेलं होतं. शिवाय डिसेंबर २०२२ ला केंद्राने ई-स्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाखाली आणलं आणि हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत त्याला पदकंसुद्धा होती हे सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले स्पीकर दहाला बंद. म्हटलं आमचं सातलाच आटपणार आहे.

सातलाच आटपणार हे मी मुद्दाम ठरवून टाकलं होतं. आधीच्या वर्षी फायनल रात्री अकराला संपली होती आणि ती बघायला हॉलमध्ये ऑर्गनायझर, दोन फायनलिस्ट आणि वॉचमन एवढेच. बाकीचे एसटीला पळालेले. मग उलटं मोजत आलो. सातला संपवायचं तर टेकन किती वाजता सुरू, किती सेटअप, म्हणजे कन्सोल आणि मॉनिटरच्या जोड्या? ६४ जणांच्या डबल एलिमिनेशनला १२६ मॅच होतात, फायनलला खालून आलेला जिंकला तर अजून एक. एक मॅच आठ मिनिटांची पण नाव पुकारणं, येणं, कंट्रोलर जोडणं, बटणं सेट करणं धरून पंधरा मिनिटं धरा. चार सेटअपवर आठ तास, तेही मधे एक मिनिट वाया न घालवता, जे शक्य नाही. आठ सेटअपवर चार तास, धरून चालू साडेपाच. आठ प्लेस्टेशन आणायचे कुठून? भाचा म्हणाला जो आपला कन्सोल आणि मॉनिटर आणेल त्याची फी माफ. ही आयडिया मला लई आवडली. बाहेर मोठ्या टूर्नामेंटला पण असं चालतं म्हणे. आठ लागत होते, त्यापेक्षा जास्तच आले, आणि ते जास्तीचे सेटअप पुढं सगळ्यात उपयोगाला आले, सांगतो.

वेळेचं सांगायचं तर आमच्याकडच्या कुस्तीच्या मैदानात जे असतं तेच करायचं होतं. मैदानात लहान पोरांच्या कुस्त्या दुपारपासून, नंतर मधल्या जोडी, एक नंबरची जोड दिवस मावळताना, आणि हे पोस्टरवर आधीच छापलेलं असतं. पैलवानाला माहीत असतं आपल्याला लंगोट कधी लावायचाय. गेमिंगवाल्यांत हेच लास वेगासच्या इव्होला, म्हणजे मारामारीच्या गेमच्या मोठ्या टूर्नामेंटला करतात. तिथं २०२३ ला एकट्या स्ट्रीट फायटर ६ या गेमला सात हजारांवर खेळाडू होते, आणि प्रत्येकाला घरातनं निघायच्या आधी आपला ग्रुप, वेळ आणि जागा कळलेली असते. सात हजारांना जमतं तर आम्हाला का नाही?

मग ६४ चे चार ग्रुप केले, १६-१६ चे, दोन ग्रुप नऊला, दोन साडेअकराला, ग्रुपमधनं दोघं पुढं. फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला, कुठून येणार. एवढा एक रकाना, पण त्याने सगळ्यात जास्त फरक पडला असं माझं मत आहे. सांगली, मिरज, माधवनगरची पोरं नऊच्या ग्रुपला. जत, आटपाडी, कोल्हापूर, पुण्याची साडेअकराच्या. गाववाले एकमेकांसमोर पहिल्याच राउंडला येणार नाहीत एवढं भाच्याने बघितलं, कारण एकाच गाडीतनं दोन तास येऊन एकमेकांशीच खेळायचं तर गावातच नसते का खेळले. आदल्या दिवशी प्रत्येकाला व्हॉट्सअॅपवर नाव, ग्रुप, टेबल नंबर, वेळ. वेळेनंतर दहा मिनिटं थांबणार, मग समोरच्याला बाय, म्हणजे तो न खेळताच पुढं. हे कडकपणे पाळलं, एका ओळखीच्याचं पोरगं त्यात गेलं, त्याचे वडील अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. असो.

जागेचं काम माझं रोजचंच. कार्यालयात वर लग्नाचा हॉल, खाली जेवणाचा. आधीच्या वर्षी सगळं वरच्या हॉलमध्ये होतं, खेळाडू स्टेजवर आणि समोर खुर्च्यांवर पब्लिक, मोठ्या स्क्रीनवर बीजीएमआयची मॅच. दिसायला झकास. पण पब्लिक म्हणजे कोण, खेळाडूचेच मित्र. स्क्रीनवर ऑब्झर्व्हरचं, म्हणजे न खेळता नुसती मॅच दाखवणाऱ्याचं चित्र असतं, त्याला सगळा मॅप दिसतो, कोण कुठल्या घरात लपलंय ते सगळं, आणि खुर्चीवरून एक गडी बोंबलतोय "अव्या, मागं बघ मागं, झाडामागं हाय!" अव्याने मागं बघितलं आणि मारला की झाडामागच्याला. मग भांडण. स्ट्रीमला, म्हणजे ऑनलाइन प्रक्षेपणाला म्हणूनच काही मिनिटांचा डिले (उशीर) ठेवतात, पण हॉलमधल्या स्क्रीनला डिले ठेवायचं कुणाच्या डोक्यात नव्हतं. या वर्षी खेळाडू खाली जेवणाच्या हॉलमध्ये, पब्लिक आणि स्क्रीन वर, आणि स्क्रीनवर डिले घातलेलं फीड. जेवणाच्या हॉलमध्ये टेबलं असतातच, पंगतीची लांब टेबलं, एका टेबलावर एक स्क्वाड समोरासमोर दोन-दोन. १६ स्क्वाड, ६४ जण, सगळे एकाच मॅचमध्ये. खालचा आवाज वर नाही, वरचा खाली नाही. वधूपक्षाची खोली मुलींसाठी ठेवली, कडी आतून लागते का आधी बघून, आणि बाहेर माझी बायको बसली. आधीच्या वर्षी मिरजेच्या दोघी आल्या होत्या आणि दुपारीच निघून गेल्या होत्या, या वर्षी त्याच दोघी अजून चौघींना घेऊन आल्या. वरपक्षाच्या खोलीत स्ट्रीमवाले आणि त्यांच्या वायरी.

आता वायफाय. इथं मला वाटायचं जास्त स्पीडचं कनेक्शन घेतलं की झालं. आमच्या केबलवाल्याच्या पोराने समजावलं की बीजीएमआयला डेटा फार लागत नाही, लागतो तो पिंग, म्हणजे बोट लावल्यापासून सर्व्हरला जाऊन यायला लागणारा वेळ, आणि तो बिघडतो हवेतल्या गर्दीने. २.४ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल जेमतेम तीन, १, ६ आणि ११, आणि त्यातच हॉलमधल्या प्रत्येकाचा हॉटस्पॉट, शेजारच्यांचे राउटर, ब्लूटूथ, सगळं. खेळाडूंना ५ गीगाहर्ट्झवर टाकायचं, एक मोठा राउटर मधे ठेवण्यापेक्षा तीन-चार लहान, प्रत्येक केबलने जोडलेला, आणि पब्लिकचं वायफाय पूर्ण वेगळं. आधीच्या वर्षी पासवर्ड एकच होता आणि तो साडेनऊपर्यंत पानपट्टीवाल्यालासुद्धा माहीत होता. या वर्षी खेळाडूंचे फोन सकाळीच नोंदवून घेतले, नोंदलेल्या फोनशिवाय कुणाला लागतच नाही. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या फायबर लाइन घेतल्या, एक गेली तर दुसरी. आणि लाइट. महावितरणची लाइट गेली की जनरेटर सुरू व्हायला काही सेकंद जातात, फोनला बॅटरी असते म्हणून पोरांना वाटतं काही होत नाही, पण तेवढ्यात राउटर बंद पडून परत सुरू व्हायला दोन मिनिटं घेतो आणि ६४ जणांची मॅच बोंबलते. राउटर आणि नेटवर्कच्या स्विचला वेगळा यूपीएस. लाइट दुपारी एकदा गेलीच. खाली कुणाला कळलं पण नाही, पंखे थांबले म्हणून वर बघितलं तेवढंच.

टेकनवाल्यांच्या तक्रारी वेगळ्याच. त्यांना टीव्ही चालत नाही. मी लग्नाची एलईडी वॉल फुकटात देत होतो तर तोंड वाकडं केलं. मग कळलं की गेम सेकंदाला ६० फ्रेमवर चालते, एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदाची, आणि सगळ्यात फास्ट ठोसा दहा फ्रेमचा. टीव्ही चित्र छान दिसावं म्हणून आत जी प्रक्रिया करतो त्यात चार-पाच फ्रेम सहज जातात, म्हणजे ठोसा दिसेपर्यंत अर्धा येऊन गेलेला. म्हणून मॉनिटर, आणि टीव्ही असलाच तर गेम मोडवर. दुसरं त्याहून भारी. एक जण मॅच हरून बाहेर येतो, चहा पीत उभा, हातात स्वतःचा कंट्रोलर, सहज मधलं बटण दाबतो, आणि तिकडं आत ज्या कन्सोलवर तो मघाशी खेळला होता तिथं चालू मॅचमध्ये मेन्यू उघडतो! कारण त्याचा कंट्रोलर अजून त्या कन्सोलला ब्लूटूथने जोडलेलाच आहे. नियमाप्रमाणे मॅच ज्याच्यामुळे थांबली त्याला राउंड जातो, पण इथं दोषी तर चहाच्या टपरीवर. या वर्षी सगळे कंट्रोलर केबलने, आणि उठायच्या आधी टेबलावरचा पोरगा स्वतः बघून कंट्रोलर कन्सोलमधनं काढणार. मगच निकालाच्या चिठ्ठीवर सही.

आणि भडंग. सांगलीत कार्यक्रम आणि भडंग नाही असं होणार नाही, पण ते तेल-मसाल्याचे हात कंट्रोलरला आणि फोनच्या स्क्रीनला लागले की पुढचा शिव्या घालतो. आधीच्या वर्षी एका पुण्याच्या पोराने स्वतःची आर्केड स्टिक (दांडा आणि मोठ्या बटणांचा कंट्रोलर) कुणाला तरी खेळायला दिली आणि परत आली ती पिवळी होऊन. भडंग वरच ठेवलं, खाली आणायचं नाही, जिन्यात बेसिन आणि साबण, आणि तिथं मी अशा एका मावशींना बसवलं ज्या लग्नात आहेराच्या टेबलावर बसतात आणि ज्यांच्यासमोरून कुणी फुकट जेवायला जाऊ शकत नाही. मावशी प्रत्येकाला "हात दाखव" म्हणायच्या. बीजीएमआयची पोरं अंगठ्याला घाम येतो म्हणून पावडर लावतात, मावशींना वाटलं काहीतरी भलतंच आहे, एकाचा डबा जप्त केला. नायसिल निघालं.

आता मूळ मुद्दा, हरलेल्यांचा. जास्तीचे आलेले सेटअप आम्ही वरच्या हॉलच्या मागच्या बाजूला लावले, नियम नाही, फी नाही, हरेल तो उठेल, जिंकेल तो बसेल. मला वाटलं होतं दोन-चार पोरं असतील, तिथंच सगळ्यात जास्त गर्दी. पुण्याचा एक चांगला खेळाडू तिथं बसला होता, जतच्या एका पोराने मॅचमध्ये त्याच्याशी हरल्यावर त्याला धरला आणि विचारलं तू ती किक अडवलीस कशी. त्याने गेममधला प्रॅक्टिस मोड लावून तीच किक परत परत मारून दाखवली, उंच येते की खालून, कधी बसून अडवायची. जतचं पोरगं चष्मा पुसून पुसून बघत होतं. तासाभराने तोच पोरगा दुसऱ्या कुणाला तरी शिकवत होता.

दुपारी तीनला बाहेर पडलेल्यांची वेगळी छोटी टूर्नामेंट लावली, एकदा हरला की बाहेर, बक्षीस हेडफोन. बीजीएमआयला हे सोपं नसतं, कारण तिथं एका मॅचला अर्धा तास जातो आणि १६ स्क्वाड जमल्याशिवाय मजा नाही. तिथं असं केलं की ग्रुपमधनं बाहेर गेलेल्या स्क्वाडना मोडून मिक्स स्क्वाड लावले, चिठ्ठ्या टाकून, आटपाडीचा एक, इस्लामपूरचा एक, मिरजेचे दोन. काही जणांना आवडलं नाही, आपल्या टीमशिवाय आम्ही खेळत नाही म्हणाले. ठीक आहे, जबरदस्ती नाही. पण जे खेळले त्यांचे आता व्हॉट्सअॅप ग्रुप आहेत.

पालकांचं राहिलं. पालक येतात, बसतात, स्क्रीनकडे बघतात आणि त्यांना घंटा काही कळत नाही. कास्टर, म्हणजे कॉमेंट्री करणारा, हिंदीत बोलायचा, तेही इतकं भराभर की काय विचारू नका. या वर्षी मराठी कॉमेंट्री केली, आणि सुरुवातीला पाच मिनिटं फक्त पालकांसाठी. बघा काकू, ६४ जण विमानातनं उतरलेत, हा निळा गोल लहान होत जातो, बाहेर राहिला तो मरतो, शेवटी टिकेल त्या टीमला दहा पॉइंट, आणि मारलेल्या प्रत्येकाचा एक. एवढं सांगितल्यावर एक आजोबा मागनं म्हणाले, म्हणजे नुसतं लपून बसला तर दहाच? हो आजोबा. मग मारत मारत जायला पाहिजे की! अख्खा हॉल हसला आणि त्यानंतर आजोबा शेवटपर्यंत उठले नाहीत.

सगळ्यात अवघड काम कुठलं असेल तर सत्काराचं. आपल्याकडे पाहुणे येणार, शाल-श्रीफळ होणार, पाहुणे दोन शब्द बोलणार आणि ते दोन शब्द पाऊण तास चालणार. आधीच्या वर्षी हे फायनल झाल्यावर होतं, जिंकलेली पोरं ट्रॉफीसाठी ताटकळत उभी, वक्ते मोबाइलच्या दुष्परिणामांवर बोलताहेत. मी सत्कार फायनलच्या आधी घेतला, जेव्हा स्टेजवर फायनलचे कन्सोल आणि कॅमेरे जोडायला तसाही अर्धा तास जाणारच होता. पाहुण्यांना सांगितलं, मागं वायरी जोडून झाल्या की हा लाल दिवा लागेल. दिवा लागला तरी एक जण थांबेनात, तेव्हा भाच्याने गेमचं म्युझिक हळूहळू वाढवलं. त्यांनी समजून घेतलं. आणि हॉल भरलेला होता, कारण फायनल अजून व्हायची होती, त्यामुळे पाहुणेपण खूश.

फायनल संपली सातला नाही, सात वीसला. जतवाल्यांसाठी रिक्षा आधीच सांगून ठेवल्या होत्या, स्टँडवर गाडी मिळाली. नंतर सगळ्यांना विचारलं काय खटकलं ते लिहा. सगळ्यात जास्त आलेली तक्रार, बीजीएमआयच्या दोन मॅचच्या मधे फार वेळ जातो, आणि ती खरी आहे, रूम आयडी-पासवर्ड पाठवला की सोळा स्क्वाडमधला एक तरी चुकीच्या स्लॉटला, म्हणजे दुसऱ्या टीमच्या जागेवर जाऊन बसतो आणि सगळे थांबतात. त्याच्यावर अजून उपाय सापडलेला नाही. भाचा म्हणतो प्रत्येक टेबलावर स्लॉट नंबर मोठ्ठा लिहून चिकटवू, मी म्हणतो प्रत्येक चार टेबलांमागे एक माणूस उभा करू जो पंगतीला वाढप्यासारखा फिरत राहील. यावर आमची अजून भांडणं चालू आहेत. दुसरी तक्रार होती पार्किंगची, ती कार्यालयाच्या मालकाकडे पाठवून दिली.